जाते गेले, बोलायचे कुठे?

आपल्या स्नेहसंमेलनातील काव्यवाचन गेली तीन वर्षे मी न चुकता ऐकत आले आहे. मुली पुष्कळ भाग घेतात आणि कविताही चांगल्या म्हणतात. त्या कवितांत पाऊस असतो, आई असते, कर्जात बुडालेला बाप असतो, सावित्रीबाई असतात. नवरा मात्र नसतो. प्रियकर असतो, तोही बहुधा डोंगरापलीकडे उभा. पण ज्याच्या घरचा स्वयंपाक उरकून, पाणी भरून, सकाळच्या एस.टी.ने आपल्यापैकी कितीतरी जणी कॉलेजला येतात, तो माणूस कवितेत कधी येत नाही. तृतीय वर्षाच्या वर्गावर नुसती नजर फिरवली तरी मंगळसूत्रे मोजता येतात.

संसारात सगळे गोड आहे म्हणून हा विषय निघत नाही, असे म्हणण्याइतका भाबडेपणा कोणी करणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. अठरा पुरी व्हायच्या आत जिला संसारात उभे केले, तिच्याजवळ त्या संसाराविषयी सांगण्यासारखे काहीच नसेल, हे संभवत नाही. तिच्यापाशी शब्द नाहीत असेही नाही; ते वर्गाबाहेरच्या पायरीवर बसले की ऐकू येतात. तिच्यापाशी नाही ती जागा. आणि ही जागा आपल्याकडे एके काळी होती. ती जात्यापाशी होती.

पुण्या-मुंबईकडे हल्ली ‘स्पोकन वर्ड’ म्हणून एक प्रकार चालतो. हातात कागद न घेता माणूस उभा राहतो आणि स्वतःचेच आयुष्य कवितेत बोलतो. आपण ते मोबाइलवर पाहतो आणि परदेशातून आलेली नवलाई समजतो. तशा कवितांच्या स्पर्धा १९८० नंतर शिकागोसारख्या शहरांत वाढल्या हे खरे आहे. पण बाईने आपले आयुष्य तोंडी कवितेत बोलावे, ही गोष्ट मराठी भाषेला नवी नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. ओवी ग्रंथात गेली त्याच्या कितीतरी आधी ती कामकरी बाईच्या तोंडात होती. वृत्त-छंदाच्या तासाला आपण ओवीचे साडेतीन चरण मोजतो. मुसळाचे घाव कोणी मोजत नाही.

जात्याची जागा कशी होती हे नीट पाहण्यासारखे आहे. वेळ पहाटेची, पुरुष मंडळी झोपलेली. समोरासमोर दोघी बसलेल्या, बहुधा जावा-जावा किंवा नणंद-भावजय, म्हणजे दिवसा ज्यांचे पटत नाही नेमक्या त्याच. पण एका खुंट्याला दोघींचे हात लागले की भांडणाला सवड नसते. एकीने ओढायचे आणि दुसरीने ढिले सोडायचे, असे केले तर दगड हलत नाही. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हाताने मधून मधून मुठीने वैरण घालायची. दगडाची घरघर अशी, की पलीकडच्या खोलीत सूर कळावा आणि शब्द कळू नयेत. बाईला यापेक्षा सोयीची खोली कोणत्या वास्तुशास्त्रज्ञाने बांधून दिली असती?

पुन्हा ती बोलायची कोणाशी? नवऱ्याशी नाही, सासूशी नाही. ती जात्याशी बोलायची. जात्याला देव म्हणायची, सखा म्हणायची. आपल्याच मराठवाड्यातल्या, गंगाखेडच्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला अशी कथा आहे. ती कथा कोणाला सुचली असेल याचा विचार केला तर मला एखादी एकटीच दळणारी बाई दिसते. नाही तर ती सीतेविषयी बोलायची. डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ म्हणून जी ओव्यांतली रामकथा मांडली, तिच्यासारख्या संग्रहांत पाहावे. बायांच्या रामायणात लंकेच्या युद्धापेक्षा सीतेचा वनवास आणि सासुरवास यांनाच जीव जास्त लागलेला आहे. सीतेच्या वाट्याला सासुरवास इतका आला की तिने तो साऱ्या देशातल्या बायांना थोडा थोडा वाटून दिला, अशी एक कल्पना गावोगावच्या ओव्यांत भेटते. रामाच्या मोठेपणाला हात न लावता रामाच्या संसाराविषयी एवढे बोलणे सोपे नाही. सीतेचे नाव घेऊन स्वतःचे सांगणे ही पळवाट नव्हती, वहिवाट होती.

शिवाय पहिली ओळ एकीने म्हणायची आणि दुसरी समोरचीने पुरी करायची. मग गाऱ्हाणे नेमके कोणाचे? घरात कोणी हटकलेच तर उत्तर तयार असायचे: ओवी आहे, आधीपासून चालत आलेली. बोलणारीला एवढा आडोसा लागतो. हे आपल्याकडचेच आहे असेही नाही. अफगाणिस्तानातील पश्तून बायका दोन ओळींची निनावी गाणी म्हणतात. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या मुलीचा संताप त्यांत उघड असतो, आणि रचणारीचे नाव नसल्यामुळे ती शिक्षेपासून वाचते. ती गाणी गोळा करणारे सय्यद बहाउद्दीन मजरूह यांची १९८८ साली पेशावरात हत्या झाली; गाणी मात्र राहिली.

जात्यावरच्या ओव्यांचे आपण कौतुक फार करतो. साने गुरुजींनी, सरोजिनी बाबरांनी ओव्या जमवल्या म्हणून त्या छापून आल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांनाच हाताशी धरून हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर गायिकांच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या आहेत. एवढे भांडार असताना पाठ्यपुस्तकात आणि व्याख्यानात कोणत्या ओव्या येतात? भाऊरायाच्या, माहेरच्या, पंढरीच्या. सासुरवासाची एखादी आलीच तर ती ‘तत्कालीन समाजजीवनाचे चित्रण’ या मथळ्याखाली येते, जणू तो समाज कुठे परगावी राहायला गेला आहे. न्यायाने बोलायचे तर ओव्यांत नवऱ्याचे कौतुकही भरपूर आहे, कुंकवाचा अभिमान आहे, आणि ते सारे वरवरचे आहे असे मी मानत नाही. ज्या बाईने सोमवारी मार खाल्ला तिनेच शुक्रवारी त्याच माणसाला आयुष्य मागितले असेल. संसार असाच असतो. पण मग दोन्ही ओव्या म्हणून दाखवाव्यात.

ओवीत बाई निनावी राहते. नावानिशी बोललेली बाई पाहायची असेल तर आपल्याला शिऊरला जावे लागते. बहिणाबाई म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या १८८० ते १९५१ या काळातल्या, अक्षरओळख नसताना गाणी रचणाऱ्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांची थोरवी निराळी. मी म्हणते त्या संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या, जन्म १६२८, गाव वेरूळजवळचे देवगाव. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांचे लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. नवरा रत्नाकर पाठक, शिऊरचा. पुढे घरच्या भाऊबंदकीतून आणि कर्जातून सगळ्या कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि भटकत भटकत ती मंडळी कोल्हापूरला आली. तिथे जयरामस्वामींची कीर्तने चालत. मुलगी अकरा वर्षांची, कीर्तनाची ओढ लागलेली, आणि एक वासरू तिच्या पाठीपाठी फिरणारे. कीर्तनातही ते तिच्यामागे आले. स्वामींनी वासराच्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. गावात बोलबाला झाला. नवऱ्याच्या कानावर गेले तेव्हा त्याने तिला वेणी धरून मारले आणि बांधून घातले.

हे सगळे आपल्याला कोणी चरित्रकाराने सांगितलेले नाही. बहिणाबाईंनी स्वतः आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगितले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक मराठी बाई म्हणते की माझ्या नवऱ्याने मला मारले, कसे मारले, आणि का मारले. या ‘का’पाशी मी फार वेळ थांबले. तो माणूस वेदविद्या शिकलेला, भिक्षुकीवर जगणारा ब्राह्मण. बायको तुकोबांना, म्हणजे त्याच्या लेखी एका शूद्राला, गुरू मानते हा एक सल. दुसरा सल त्याहून खोल: लोक तिला भेटायला येतात, तिच्या पाया पडतात, मग आपल्याला कोण विचारणार? तिने अभंग म्हणावा याचे त्याला दुःख नव्हते. ते कोणी ऐकावे याचे होते. बायकोच्या गरोदरपणात तो तिला टाकून तीर्थयात्रेला निघायला तयार झाला. तेवढ्यात तो आजारी पडला, आजारात मन पालटले, आणि दोघे तुकोबांच्या देहूला गेले. तिथे मंबाजीने छळले ते वेगळेच.

आता येथे आजच्या वाचकाला एक अडचण येते, आणि ती झाकून ठेवू नये. या बहिणाबाईंनी नवऱ्याला सोडले नाही. पतीची सेवा हाच बाईचा धर्म असे सांगणारे अभंगही त्यांनी रचले. आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, मग यांत बंड ते काय? मला वाटते, बंड शोधायला गेले की माणूस हातचे सोडतो. बहिणाबाई एका तोंडाने पतिव्रताधर्म सांगतात आणि त्याच तोंडाने वेणी धरून मारल्याचे सांगतात. पहिले सांगितले म्हणून दुसरे गिळत नाहीत. हे फार अवघड आहे. आपल्याकडे ज्या बायका संसार टिकवतात त्यांच्याकडून पहिली अट हीच घातली जाते की घडले ते बोलायचे नाही. बहिणाबाईंनी संसार टिकवला आणि अट मोडली. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२९ साली हे आत्मनिवेदन इंग्रजीत नेले, आणि ते तिकडे आवडीने वाचले गेले. आपल्या ग्रंथालयात मात्र त्यांची गाथा मागितली की समोर जळगावच्या बहिणाबाई येतात.

त्यांना जागा कोणी दिली? कीर्तनाने दिली. अभंगाला टाळ लागतो, मागे धरणारे लागतात, ऐकणारे लागतात. जात्याने जे पहाटेच्या दोघींना दिले तेच कीर्तनाने त्या एकटीला दिले. घरात गप्प राहून कागदावर लिहिले असते तर ते तिथेच राहिले असते.

आमच्या लिंबागणेशला भालचंद्र गणपतीचे जुने देवस्थान आहे, आणि गाव बालाघाटच्या माथ्यावरचे, म्हणजे ज्वारी, बाजरी आणि दुष्काळ. इथल्या जुन्या घरांतून जाती अजून सापडतात. कुठे पायरीला लावलेली, कुठे तुळशीपाशी. गिरणी आली आणि दळण सुटले. याबद्दल हळहळणाऱ्या लेखकांचा मला राग येतो. पहाटे उठून घरातल्या दहा माणसांचे पीठ काढणे म्हणजे काय हे ज्यांच्या खांद्यांनी सोसले त्यांतली एकही बाई जाते परत मागणार नाही. गिरणीवाल्याचे भलेच होवो. पण दळणाबरोबर ती तासा-दोन तासांची घरघरही गेली, आणि तिच्या बदल्यात बाईला दुसरी कोणतीच घरघर मिळाली नाही.

जाते आता घराबाहेर निघते ते लग्नात. हळद दळायची म्हणून ते धुतात, त्याला सुपारी-हळकुंड बांधतात, पाच सवाष्णी खुंट्याला हात लावतात आणि ओव्या म्हणतात. गणपतीची, नवरीच्या मामाची, मांडवाची ओवी. दळण पाच मुठींचे, ओव्या पाच-सात. ज्या दगडाने बाईच्या संसाराचे सगळे ऐकून घेतले तो दगड आता संसार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पुजला जातो आणि हळद लागली की परत कोपऱ्यात जातो. पुढचे ऐकायला तो नसतो. दुसरे जाते दिसते ते आपल्या संमेलनात, पुठ्ठ्याचे. नऊवारीतल्या मुली त्याभोवती बसतात, ध्वनिमुद्रित ओवी लागते, आणि लोकनृत्याला बक्षीस मिळते. मुलींचे ओठ हलतात, आवाज दुसऱ्याच कोणाचा असतो.

आणि आपल्या जिल्ह्यातली संसाराची रीत पाहा. दसरा-दिवाळी झाली की माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसे, चार हात, पण हिशेबाला एक कोयता, आणि उचल नवऱ्याच्या हाती. कोयता पुरा व्हावा म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरीचे लग्न उरकणारी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ऊसतोडीची बाई उठते ती जात्याच्याच वेळेला, भल्या पहाटे. भाकरी थापते, फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. कोपी एवढीशी, शेजारची कोपी हाताच्या अंतरावर. तिथे शब्दही कळतात आणि सूरही, म्हणून ती दोन्ही ठेवून देते. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती बसली तेव्हा बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. एवढ्या जणींचे शरीर कापले गेले आणि पाहणी होईपर्यंत तो आकडा कोणाला ठाऊक नव्हता. शेजारणीला ठाऊक असणार. पण शेजारणीशी बोलणे आणि चारचौघांत बोलणे यांत जे अंतर असते, ते पूर्वी ओवी काही पावले तरी कमी करीत असे.

ओवी जुन्या काळची, आता तिचे काय, असे म्हणणाऱ्यांना माजलगावचे उदाहरण सांगते. तेथील भीमनगर वस्तीत १९९६ साली ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या त्यांत बाबासाहेब आहेत. ज्या चालीवर आयाबाया सीतेचे दुःख म्हणत, त्याच चालीवर त्यांनी आपल्या लोकांचे उभे राहणे म्हटले. चाल जुनी, मजकूर आपला. आपण शिकलेल्या मुली हे करू शकणार नाही?

एक प्राध्यापक मला म्हणाले की संसाराचे गाऱ्हाणे म्हणजे कविता नव्हे. त्यांच्या जागी त्यांचे बरोबर असेल. गाऱ्हाण्याची कविता व्हायला वेळ लागतो, हात बसावा लागतो. पण पहिल्या दिवशीच कविता झाली पाहिजे अशी अट ओवीला कोणी घातली नव्हती. शंभर ओव्यांतल्या ऐंशी साधारणच असतील; उरलेल्या वीस अशा निघाल्या की त्यांवर प्रबंध लिहिले जातात. दुसरा आक्षेप घरून येतो, घरातले चव्हाट्यावर नेऊ नये. त्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने ते दिले आहे, आणि त्या कायद्यात नुसत्या मारझोडीला नव्हे, टोचून अपमान करण्यालाही हिंसा म्हटले आहे. तिसरा आक्षेप मला खरा वाटतो: कवितेने मार थांबत नाही. नाही थांबत. त्यासाठी पोलीस ठाणे आहे, संरक्षण अधिकारी आहे. पण ठाण्यात गेलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय झाले ते सांगा’ हाच असतो. जिने जन्मात कधी ‘मला’ हा शब्द चार माणसांत उच्चारला नाही ती तिथे ऐनवेळी काय सांगणार?

म्हणून गुरुजनांना आणि संमेलनाच्या समितीला माझी एक मागणी आहे. वक्तृत्व स्पर्धेत विषय आपण देता, वेळ आपण देता, परीक्षक आपण आणता; मुली ‘स्त्री : काल, आज आणि उद्या’ यावर सात मिनिटे बोलतात आणि स्वतःविषयी एक वाक्य बोलत नाहीत. त्या स्पर्धा राहू द्या. त्यांच्याबरोबर महिन्यातून एक तास असा द्या की ज्याला विषय नाही, बक्षीस नाही, परीक्षक नाही. नाव सांगायची सक्ती नाही. जिला सीतेचे नाव घेऊन बोलायचे तिने सीतेचे घ्यावे, जिला सरळ बोलायचे तिने सरळ. एकीने ओळ म्हणावी, दुसरीने पुरी करावी, म्हणजे कोणाची हे विचारायला नको. मुलांना यायला मनाई नसावी, पण ऐकायला यावे. टाळ्या-शिट्ट्यांची सवय दाराबाहेर ठेवून यावे.

आणि मोबाइल दाराशी जमा करून घ्यावेत. याबाबत मी हट्टी आहे. जात्याची घरघर शब्द झाकत होती; मोबाइल उलटे करतो, शब्द उचलतो आणि संध्याकाळच्या आत सासरी पोचवतो. शहरातल्या कवयित्रींना आपली कविता हजारांनी पाहावी असे वाटत असेल, ते त्यांना लखलाभ. आमच्याकडे पाच जणींनी ऐकले तरी पुरे, सहाव्याने पाहिले तर घोटाळा.

जागेचा प्रश्न अवघड नाही. ग्रंथालयाला लागून असलेली जुन्या बाकांची खोली वर्षभर बंदच असते. तिची किल्ली शिपाईमामांकडे आहे. वेळ मात्र दुपारी एक ते दोन हीच ठेवावी. अडीचची गाडी चुकली की आमच्या बाजूला पुढची संध्याकाळी असते, आणि ज्या मुलींसाठी हे चालले आहे त्यांनाच ती चालत नाही.